तणातल्या मिशा

गुरुवारी सकाळी पिचकारीला एका जागी बसवत नव्हतं. तसं त्याला कधीच बसवत नसे. पन्नाशी आली तरी पायाची भिंगरी सुटली नव्हती. न्हावीसुद्धा आधी त्याचा खांदा दाबून धरायचा आणि मगच वस्तरा काढायचा. पण त्या सकाळची चुळबूळ वेगळी होती. पोटात एक गुपित होतं, ते रविवारपर्यंत सांभाळायचं होतं, आणि गुपित सांभाळणं म्हणजे त्याच्यासाठी तोंडात गरम बटाटा धरून बसणं.

धंदा त्याचा तण मारायचा. कारखान्यांची आवारं, खेळाची मैदानं, रस्त्याच्या कडा, जिथं नको ते उगवतं तिथं हा पाठीला पंप लावून, हातात नळी धरून हजर. म्हणून पिचकारी. पाठीवर पंप नसला तरी समोरच्यावर काहीतरी उडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे, त्यामुळे नाव घट्ट बसलं. सख्खी बहीणसुद्धा त्याच नावानं हाक मारायची.

ही बहीण, म्हणजे ताई, गावाच्या कडेला राहायची. घर, घरामागे गोठा, गोठ्यात गायी. गायी तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या. दाजी हा माणूस कमी बोलणारा आणि मोठ्या मिशांचा. रोज सकाळी धारा काढून झाल्या की आरशासमोर उभं राहून ते मिशांना पीळ द्यायचे, दोन्ही टोकं वर, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखी. हसले तर आकार बिघडेल म्हणून दाजी हसत नाहीत, असं पिचकारी चारचौघांत सांगत फिरायचा. दाजींच्या कानावर ते गेलं होतं. त्यावरही ते हसले नव्हते.

गेल्या वर्षी पिचकारीनं आवाज बदलून त्यांना फोन केला होता. दूध संकलन केंद्रातून बोलतोय, तुमच्या दुधाला साखरेची चव लागतेय, गायींना काय मिठाई घालता की काय. दाजींनी मुकाट्यानं खुराक बदलला, दोन दिवस गायींमागे उभं राहून त्यांचं खाणं बघितलं. खरं कळल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, माझी काय टिंगल करायची ती कर, मला चालते. गायींना मधे आणलंस तर या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही.

पिचकारीनं ते मनावर घेतलं होतं. म्हणूनच या वेळच्या बेतात गायी कुठेच नव्हत्या. होत्या त्या फक्त मिशा.

बेत असा होता. ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठ्यामागचा उतार दिसायचा. तिथं पूर्वी शेणाचा ढीग असायचा. ढीग हलवून बरीच वर्षं झाली, पण माती अजून काळीकुट्ट आणि लोण्यासारखी, आणि तीत कमरेएवढा रानमाठ माजलेला. खिडकीखाली भांडी घासता घासता ताई दर दोन दिवसांनी म्हणायची, लग्न होऊन आल्यापासून मी हेच जंगल बघतेय. दाजी ते काढायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, कशाला काढा? कुरणाच्या तीन बाजूंना त्यांनी तार ओढलेली होती, या चौथ्या बाजूला नव्हती. शेणाच्या जागेवर उगवलेलं गाय हुंगते आणि पुढे जाते, त्यात तो माठ कडवट. आजवर एकाही गायीनं त्याला तोंड लावलं नव्हतं. तार कशाला, माझं कुंपण गायींच्या नाकात आहे, असं दाजी म्हणायचे, आणि दाजींच्या तोंडून निघालेल्या वाक्यांत एवढं एकच वाक्य अभिमानाचं होतं.

येत्या रविवारी त्या दोघांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. तेव्हा सोमवारी, दाजी दूध घालायला आणि ताई शिंप्याकडे गेलेली बघून, पिचकारी सुतळी आणि खुंट्या घेऊन त्या माठात शिरला. मैदानांवर रेघा मारायचं बारीक तोंडाचं नोझल त्यानं पंपाला लावलं आणि उतारभर दाजींच्या मिशा काढल्या. मधे घळ, दोन्हीकडे पसारा, शेवटी टोकं वर वळवलेली. रविवारपर्यंत औषध लागून तेवढंच तण पिवळं पडणार, सकाळी ताई खिडकी उघडणार आणि हिरव्यागार रानात नवऱ्याच्या पिवळ्या मिशा तिला दिसणार. पुढे महिनाभरात उरलेलं जंगलही तो फुकट साफ करून देणार होता. हा बहिणीला आहेर.

आता, तो टवाळ असला तरी धंद्यात बेफिकीर नव्हता. बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं होतं: सांगितल्या प्रमाणात गुराढोरांना अपायकारक नाही. वर त्यानं डोसही अर्धाच घेतला. पूर्ण डोसानं झाड दोन-तीन दिवसांत काळं पडून लोळतं, मग मिशा कसल्या, नुसता चिखल. अर्ध्या डोसानं ते मरत नाही, वाकडं होतं, पिवळट पडतं, मान टाकून उभं राहतं. आणि अर्धा डोस म्हणजे अर्धा धोका, हा हिशोब तर कोणालाही पटेल असाच होता.

बुधवारी तो चहाच्या निमित्तानं ताईकडे डोकावून आला. खिडकीतून बघितलं तर काय, डावं टोक पीळ दिल्यासारखं वळलं होतं. अगदी दाजी. त्याला हसू आवरेना, ते त्यानं चहात बुडवलं. ताईनं विचारलं, काय रे, खिडकीत काय ठेवलंय? तो म्हणाला, तुझं जंगल बघतोय, छान वाढलंय.

आणि गुरुवारी तो एका कारखान्याच्या आवारात पाठीला पंप लावून नुकताच उभा राहिला होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, एवढ्यात ताईचा फोन आला.

ताईनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. गायी धापा टाकतायत, म्हणाली. लाजरी भिंतीला धडकून पडली, उठत नाही. डॉक्टरांना बोलावलंय. तू ये.

पहिल्यांदा त्याला वाटलं, ताई डाव परतवतेय. तो म्हणणारही होता, वा, शिकलीस. पण फोन बंद झाला होता, आणि ताईला फोनवर खोटं बोलता येत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. खोटं बोलताना ती मधेच फिसकन हसते. आत्ता ती हसली नव्हती. तिच्या आवाजात जीवच नव्हता.

स्कूटरवरून जाताना वाटेत लोक आपल्याकडे का बघतायत हे त्याला कळेना. तिथं पोचल्यावर कळलं. पंप पाठीवरच होता.

गोठ्यात एरवी एक सावकाश आवाज असतो, रवंथीचा, शेपटीचा, साखळीचा. आज तिथं फक्त श्वास होते. तोंडं उघडी, जिभा बाहेर, माना पुढे ताणलेल्या, जणू सगळ्या एकदमच लांबून पळत आल्या होत्या. दोघीतिघींचे मागचे पाय दारू प्यायल्यासारखे एकमेकांत अडकत होते. मास्तरीण, म्हणजे कळपातली मोठी गाय, जी पुढे निघाल्याशिवाय बाकीच्या पाऊल उचलत नसत, ती गाभण होती, पोट खाली उतरलेलं, आणि ती खांबाला कूस टेकवून उभी होती. लाजरी भिंतीपाशी आडवी होती. ती गेली होती. आई व्याल्याबरोबर मेली म्हणून लाजरीला ताईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आताही ताई तिच्या डोक्यापाशी उकिडवी बसली होती आणि तिच्या कानावरची माशी हाकलत होती.

डॉक्टरीणबाई आलेल्या होत्या. आखूड केसांच्या, मोठ्या बुटांतल्या बाई, बोलताना कोणाकडे बघत नसत, फक्त जनावराकडे. त्यांनी एका गायीचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी नव्हत्या, शिळ्या मांसासारख्या करड्या झाल्या होत्या. मानेच्या शिरेत सुई घालून त्यांनी थोडं रक्त काढलं आणि उजेडात धरलं. पिचकारीनं आयुष्यात तसं रक्त बघितलं नव्हतं. लाल नव्हतंच ते. वितळलेल्या चॉकलेटसारखं तपकिरी.

बाई म्हणाल्या, रक्तानं प्राणवायू धरायचं सोडलंय. गायी हवा घेतायत, पण ती पोचत नाहीये. नायट्रेट दिसतंय. काय खाल्लं सकाळपासून?

दाजी म्हणाले, रोजचंच. धारा झाल्या, मागच्या गेटानं कुरणात सोडल्या, थोड्या वेळानं बघतो तर या अशा, म्हणून हाकत आत आणल्या. बाईंनी विचारलं, खताच्या गोणीला तोंड लागलं का? नाही. विहिरीचं पाणी? टाकी नवी आहे, पण पाणी तेच. वाळलेला चारा? कालच नवा भारा सोडला. बाई म्हणाल्या, निळं औषध आहे माझ्याकडे, शिरेतून द्यायचं, लगेच उतार पडतो. देते. पण अजून काही पोटात जात राहिलं तर माझं औषध पुरायचं नाही. कशातून गेलं ते शोधा.

दाजींनी पाण्याकडे बघितलं, चाऱ्याकडे बघितलं. एका वर्षाची नवी टाकी आणि एका दिवसाचा नवा भारा. त्यांनी ठरवलं की दोन्ही बंद. ज्या गायी अजून पायांवर होत्या त्यांना या गोठ्यातून काढून मागे मोकळ्यावर न्यायचं.

पिचकारी मात्र नायट्रेट या शब्दानंतर काहीच ऐकत नव्हता. तो शब्द त्याच्या बाटलीवर नव्हता. नव्हताच, त्यानं वाचलं होतं. तरी कोणाला काही न सांगता तो गोठ्यातून घरात गेला, स्वयंपाकघरात, खिडकीपाशी.

उतारावर माठ हिरवागार डुलत होता. पिवळं कुठे नव्हतं.

त्याला वाटलं आपण चुकीच्या खिडकीत आलो. मग नजर बसली. पिवळं होतं तिथं आता नुसते बुडखे होते, कातरीनं कापल्यासारखे. मधे घळ, दोन्हीकडे पसारा, टोकं वर. कळपानं मिशा खाल्ल्या होत्या. तेवढ्याच. रेघेच्या एक वीत बाहेर एक पान तुटलेलं नव्हतं. फक्त उजवं टोक थोडं राहिलं होतं, पिवळं, वळलेलं, कोणीतरी घाईत दाढी अर्धवट सोडून उठावं तसं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी पिचकारीच्या डोक्यात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं. आलं ते असं, की कोणालाच कळणार नाही. जे दाखवायचं होतं ते गायींनी खाल्लं. डॉक्टरबाई औषध देणारच आहेत. आठवड्यात माठाला नवे फुटवे येतील. गप्प राहिलं तर रविवारी आपण याच खिडकीत चहा पीत असू.

तो विचार पुरता डोक्यात बसलाही नसेल, तेवढ्यात खाली कडी वाजली. दाजी मागचं गेट उघडत होते. एका हातात मास्तरणीचं दावं, मागे तीन गायी, लटपटत. गेट उताराकडे उघडायचं.

पिचकारी मागच्या दारानं कसा बाहेर पडला ते त्याचं त्यालाच माहीत. पंप दाराच्या चौकटीला आपटला, पट्टा तुटला, तो तसाच लोंबकळत घेऊन तो गेटच्या फटीत जाऊन उभा राहिला.

"दाजी, गेट उघडू नका."

"बाजूला हो."

"ते मागचं तण खाल्लंय त्यांनी. पुन्हा खातील."

"गायी ते खात नाहीत," दाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. कडी हातात होती. "आज नाही, पिचकारी. बाजूला हो."

"मी सोमवारी तिथं फवारा मारला. तुमच्या मिशा काढल्या होत्या मी. तणात."

बोलून झाल्यावर ते ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल ते त्याला कळलं. गोठ्याच्या दारातून ताई त्याच्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, आज तरी नको रे. लाजरी गेलीय. आज तरी नको. आणि तिचा चेहरा असा झाला की त्याला आपली जीभ उपटून फेकावीशी वाटली. आयुष्यभर धडधडीत खोटं बोलला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या होत्या. आणि आज खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

दाजींनी त्याला खांद्यानं ढकललं. तो हलला नाही, हे नवलच. दोन्ही हातांनी गेटचे गज धरून तो मोठ्यानं म्हणाला, डॉक्टर, तुम्ही या. माझं ऐकू नका, नुसतं बघायला या.

बाई सिरिंज भरत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच एका माणसाकडे बघितलं. काय मारलंस, त्यांनी विचारलं. त्यानं औषधाचं नाव सांगितलं. किती? अर्धा डोस, त्यानं सांगितलं, आणि वर, काळजी म्हणून अर्धा, असंही सांगितलं. बाईंनी क्षणभर डोळे मिटले.

दाजींना म्हणाल्या, गेट लावा.

मग त्या उतारावर जाऊन आल्या. जायला यायला फार वेळ लागला नाही, पण पिचकारीनं तेवढ्यात गेटची कडी चार वेळा तपासली. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात उजव्या टोकाचं एक पिवळं झाड होतं. ते त्यांनी दाजींच्या हातात दिलं आणि कामाला लागल्या. पहिली सुई घालता घालता, कोणाकडेही न बघता त्यांनी सांगितलं ते असं.

माठ जमिनीतून नायट्रेट ओढतो. सगळीच झाडं ओढतात, हा जरा हावरट. आणि शेणाच्या जुन्या जागेवर तर त्याला मेजवानी. एरवी पानं त्याचं पचवून प्रथिन करतात. औषध लागलं की पानांचं काम बंद पडतं, आणि झाड मेलेलं नसलं तर मुळांचं काम चालूच राहतं. आत येतंय, पचत नाही. साठत जातं. पूर्ण डोसानं निदान झाड लवकर मेलं असतं. वर अशा सुकत्या पानांत साखर वाढते. कडवट तण गोड होतं. मग गायीचं नाक तिला वेगळं सांगायला लागतं.

"बाटलीवर लिहिलेलं खोटं नाही," बाई म्हणाल्या. "औषधानं नाही मेली ही. औषधानं तणाचं जे केलं, त्यानं मेली."

दाजी त्या झाडाकडे बघत होते. एक पान तोडून त्यांनी हुंगलं, गाय हुंगते तसं. मग दाताखाली धरलं आणि थुंकलं. गोड आहे, ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतर बोलायला कोणाला सवड नव्हती. जी सगळ्यात वाईट तिला आधी. दाजी दावं आवळून धरायचे, ताई पुढची गाय हेरून ठेवायची, आणि पिचकारीच्या वाट्याला डोकं धरायचं काम आलं. शिंगाच्या बुडाशी एक हात, नाकपुडीत दोन बोटं, मान एका बाजूला वळवून घट्ट. बाईंनी बजावलं होतं, सुई शिरेत आहे, औषध हळूहळू जाणार, डोकं हललं तर शीर फाटेल. तेव्हा पिचकारी उभा राहिला. नुसता उभा. पाय हलवायचा नाही, नाक खाजवायचं नाही, बोलायचं नाही. आतून सगळं अंग मुंग्यांच्या वारुळासारखं खदखदत होतं आणि बाहेरून तो खांब झाला होता. गायीचा गरम, अपुरा श्वास त्याच्या पोटावर आदळत होता. तो तिच्या डोळ्यात बघत राहिला आणि तिच्याबरोबर श्वास मोजत राहिला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यातला एक श्वास जरा लांब आला. त्यापुढचा आणखी लांब. बाईंनी ओठ वर करून बघितलं आणि पुढच्या गायीकडे वळल्या.

शेवटी मास्तरीण. तिनं डोकं धरू दिलं नाही, स्वतःच मान खाली घालून उभी राहिली, जणू बाकीच्यांना दाखवायला, की घाबरण्यासारखं काही नाही.

दुपारपर्यंत गोठ्यातले श्वास खाली बसले. एका गायीनं रवंथ सुरू केली आणि तो आवाज ऐकून ताई पदरात तोंड घालून रडली. तेव्हाच दुसरीनं शेपटी वर केली आणि मुतली. धार निळीहिरवी होती. शाईची बाटली फोडावी तशी ती फरशीवरून वाहत दाजींच्या पायाशी आली.

दाजींनी धारेकडे बघितलं. मग मान वळवून पिचकारीकडे, औषध सांडून कोपरापर्यंत निळ्या झालेल्या त्याच्या हातांकडे, तुटक्या पट्ट्याच्या पंपाकडे.

"हेही तुझंच का?"

बाईंनी सांगितलं की औषधाचा रंग आहे, दोन-चार दिवस असाच येणार, दूधही फेकून द्या. कोणी हसलं नाही. दाजींनी विनोद केला होता की हिशोब मागितला होता, हे त्या मिशांच्या आडून कळायला काही मार्ग नव्हता, आणि पिचकारीला पुढे कित्येक रात्री ते कळलं नाही.

जाताना बाई मास्तरणीपाशी थांबल्या. उजव्या कुशीत मूठ दाबून बराच वेळ त्यांनी चाचपलं. म्हणाल्या, ही वाचली. पोटातल्याचं आज सांगता येत नाही. आईचं रक्त हवेला मुकलं तेवढा वेळ तेही मुकलंय. गेलं असेल तर येत्या आठवडाभरात टाकेल. हालचाल लागली हाताला, तर चांगलं. लक्ष ठेवा.

त्या गेल्या. पिचकारी पंप काखोटीला मारून उभा राहिला. उंबऱ्याबद्दलचं वाक्य कधी येतंय याची तो वाट बघत होता, आणि येत नाही म्हणून अधिकच तडफडत होता. शेवटी त्यानंच विचारलं, दाजी, मी येऊ की नको?

दाजी लाजरीच्या गळ्यातली दोरी सोडवत होते. त्यांनी सांगितलं, मागचं सगळं तण काढायचं. हातानं. औषध लागलेलं, न लागलेलं, सगळं. खड्ड्यात पुरायचं. चौथ्या बाजूला तार ओढायची. आणि मास्तरणीचं काय ते कळेपर्यंत दिवसा तिच्यापाशी बसायचं, मला दुसऱ्या गायी आहेत.

"म्हणजे घरात—"

"घरात नाही. गोठ्यात."

तर शुक्रवार आणि शनिवार पिचकारी, ज्यानं आयुष्यात एक काडी हातानं उपटली नव्हती, तो रानमाठ उपटत होता. माठ मुळासकट येतो पण खुशीनं येत नाही. हाताला फोड आले. मधेच उठून तो गोठ्यात जायचा, मास्तरणीच्या कुशीला हात लावायचा, काही लागायचं नाही, परत यायचा. परत आला की वाटायचं, आत्ताच हललं असेल, आपण नव्हतो. पुन्हा जायचा. मास्तरीण त्याला कंटाळली होती हे कोणालाही दिसलं असतं.

ताई त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. पण चहाच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, गजांमधून कप बाहेर यायचा, आणि उंबरा न ओलांडता तो चहा प्यायचा. शनिवारी कप परत देताना ताईनं विचारलं, खरंच मिशा होत्या? तो म्हणाला, होत्या. ती उताराकडे बघत राहिली. तोवर त्यानं भोवतालचं बरंच काढलं होतं आणि आकार मोडला होता. दोन्ही टोकं वर? तिनं विचारलं. तो म्हणाला, दोन्ही. तिच्या तोंडाचा कोपरा हलला, पण मग तिला लाजरी आठवली असणार, कारण तिनं खिडकी लावून घेतली.

रविवार उजाडला. उतार आता उघडाबोडका होता, काळी माती आणि कडेला नवी तार. लग्नाच्या वाढदिवसाला कोणी आलं नाही, कोणाला बोलावलंच नव्हतं. दाजी धारा काढून घरात गेले. पिचकारी मास्तरणीजवळ पालथ्या बादलीवर बसला. बसला म्हणजे उठला, बसला, उठला. हात कुशीवर ठेवला. तिच्या पोटात काय काय वाजत होतं, गडगड, बुडबुड, एका गायीच्या पोटात अख्खं कारखान्याचं आवार. यातलं वासरू कोणतं आणि चारा कोणता हे कसं ओळखायचं?

आणि एकदम तळहाताला काहीतरी टेकलं. आतून. टेकलं, दाबलं, सरकलं.

"दाजी," तो ओरडला. "हललं. वासरू हललं."

घरातून उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. दाजी, खरंच. ताई, खरंच हललं. घरात भांड्याचा आवाज आला आणि थांबला. खिडकी उघडली नाही. अर्थातच नाही. त्या घरात त्याची 'खरंच' ही हाक इतक्या वेळा आली होती की तिच्यासाठी कोणी उठत नसे. गरम चहात मीठ पडलं तेव्हा खरंच, दारात साप आला तेव्हा खरंच, सुतळीचा.

तो ओरडायचा थांबला. हात मात्र काढला नाही. काढला आणि पुन्हा लागलं नाही तर? पाय मुंग्यांनी भरला, नाकाच्या शेंड्यावर माशी बसली, ती फिरली, पुन्हा बसली. गुरुवारी उभा होता तसाच तो उभा राहिला. आता त्यालाही खात्री वाटेना. कदाचित गायीनं श्वास घेतला असेल. कदाचित आपल्याच हाताची शीर उडाली असेल.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे चपला वाजल्या. दाजी दुधाचे धुतलेले रिकामे कॅन घेऊन आले होते, ते ठेवायला आले असतील, दुसऱ्या कशाला नाही. त्यांनी कॅन ठेवले. बराच वेळ काही ठेवत, उचलत राहिले. मग शेजारी आले आणि आपला रुंद हात पिचकारीच्या निळसर हाताशेजारी कुशीवर टेकवला.

मास्तरीण रवंथ करत होती. कुशीखाली काही नव्हतं. पिचकारीनं घसा खाकरला, काहीतरी सांगायला, शपथ घ्यायला, माफी मागायला, त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

"थांब," दाजी हळू आवाजात म्हणाले. "हात काढू नकोस."